नियम चौथा आणि टांगरम्युंडेचा दरवाजा

आमच्या कंपाउंडमधल्या दिवाळीच्या किल्ला स्पर्धेचे सात नियम मी लिहिलेले आहेत. जागा चार फूट बाय चार फूट. माती ज्याची त्याने आणायची. मोठ्यांनी हात लावायचा नाही, फार तर पाणी आणून द्यायचं. आणि चौथा नियम: किल्ला महाराष्ट्रातलाच हवा.

चौथ्या नियमामागे भांडण आहे. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या पुण्याच्या वहिनींच्या मुलाने गुलाबी मनोऱ्यांचा राजकन्येचा महाल केला आणि त्याच्या गच्चीवर महाराजांना बसवलं. मी तो बाद केला आणि मग नियम लिहिला. क्रम उलटा झाला, हे मान्य आहे. वहिनींना ते कधीच मान्य झालं नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतात, तेही आधी हात जोडल्याचं चिन्ह टाकून.

यंदा त्या नियमाला माझीच मुलगी आडवी आली.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. दोह्यात येण्याआधी आम्ही चार वर्षं जर्मनीत श्टेंडाल नावाच्या गावात होतो. नवरा तिथे एल्बे नदीकाठच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. आता तो इथे उत्तरेला गॅस प्लँटवर असतो आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. दोह्यात येऊन आम्हाला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षं माझ्या आणि मुलीच्या मध्ये युद्ध चालू आहे. ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते, आणि खोलीचं दार आपटताना जर्मनमध्ये काहीतरी म्हणते. तिचं इंग्रजी मी इथे मराठीतच लिहिते.

युद्धाचा कागद फ्रिजच्या दारावर होता. श्टेंडालमधल्या एका शाळेचा प्रवेशअर्ज. अकरावीपासून तिथे वसतिगृहात राहून शिकायचं. स्थानिक पालक म्हणून आमची तिथली घरमालकीण, जिला मुलगी ‘खालची आजी’ म्हणते, तिने आधीच सही करून पाठवली होती. नवऱ्याचीही सही झाली होती. त्याला भांडण नको असतं, म्हणून तो कशावरही सही करतो. माझी जागा रिकामी होती. दिवाळीनंतरच्या रविवारी अर्ज पोस्टात पडायला हवा होता. सप्टेंबरपासून मी रोज त्या कागदाला हात न लावता फ्रिजमधून दूध काढत होते. काढून फेकला नाही, सही केली नाही. ती रोज तपासायची.

“कुठला करायलीस?” किल्ल्यासाठी लाल माती आणायला नर्सरीत गेलो तेव्हा मी विचारलं. “प्रतापगड की जंजिरा?”

“टांगरम्युंडेचा दरवाजा.”

“तो किल्ला नाही.”

“माहीत आहे. दरवाजा आहे.”

“आणि नियम चार?”

“तुझा नियम आहे,” ती म्हणाली. “माझा प्रॉब्लेम नाही.”

मी दोन पोती मातीचे पैसे दिले आणि गाडीत बसले. तिथेच नको म्हणायला हवं होतं. पण तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली सहीव्यतिरिक्तची ही पहिली गोष्ट होती.

हा दरवाजा टांगरम्युंडेत नाही, श्टेंडालमध्ये आहे. रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाचं नाव दरवाजाला. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, कारण मी औरंगाबादची, आताच्या संभाजीनगरची. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात आमच्या गावाला. दिल्ली दरवाजा दिल्लीकडे, पैठण गेट पैठणकडे. मी पैठण गेटजवळच्या गल्लीत वाढले. आमच्या लेखी दरवाजा म्हणजे जिथे रिक्षा अडकते ती जागा. बावन्नांतले कितीतरी पडले, पाडले, कुठे नुसती एक भिंत उरली, आणि गल्लीत कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्यामुळे श्टेंडालमध्ये उरलेल्या दोन दरवाज्यांचं जर्मन लोक एवढं कौतुक करताना पाहून मला पहिल्यापासून चीड यायची.

श्टेंडाल मला कधीच आवडलं नाही. आल्टमार्क म्हणतात त्या प्रदेशाला. सपाट, ओला, राखाडी. राईची शेतं, एल्बेचा पूर, आणि दर दोन मैलांवर दगडी चर्च, ज्यात रविवारी सहा म्हाताऱ्या. गाव एके काळी व्यापाराने गबर झालेलं, तेव्हाच्या विटांच्या उंच इमारती अजून उभ्या. आणि आमच्या रस्त्यावरची चार घरं बंद, कारण पूर्व-पश्चिम जर्मनीमधली भिंत पडल्यावर तरुण माणसं कामासाठी पश्चिमेला निघून गेली ती गेलीच. खालची आजी पहिल्याच आठवड्यात कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांची यादी घेऊन वर आली. मी यादी पाळणारी बाई आहे. दोन दिवसांत पाठ केली. तरी ती रोज माझे डबे उघडून बघायची आणि दह्याची झाकणं बाहेर काढून पायरीवर मांडून ठेवायची. ओळीने. मला दिसावीत म्हणून.

तर किल्ला. दोह्याच्या वाळूचं काही उभं राहत नाही. ओली केली की बसते, सुकली की उडते. म्हणून सगळी मुलं नर्सरीची माती आणतात आणि वर गोणपाट टाकून डोंगर करतात. माझ्या मुलीने गोणपाट घेतलं नाही. तिने माझ्या पोळपाटावर माती लाटली, पट्टी धरून सुरीने नखाएवढ्या विटा कापल्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या. माझ्या फराळाच्या यादीत बुधवारी त्याच ओव्हनमध्ये चिवड्याचे पोहे होते.

“किती वेळ लागंल?”

“अजून सहा ट्रे.”

“सहा? अगं, मग पोहे मी डोक्यावर भाजू का?”

“गुरुवारी भाज.”

“गुरुवारी चकल्या आहेत.”

“यादी बदल,” ती म्हणाली, आणि पुढचा ट्रे आत सरकवला. यंदाच्या चिवड्याला मातीचा वास होता. नवऱ्याने खाल्ला आणि काही बोलला नाही. त्याचाही मला राग आला.

दरवाजाचा खालचा भाग विटांचा नाही, गोट्यांचा आहे. मागच्या रिकाम्या प्लॉटवर रस्ता उखडलाय, तिथून तिने खडे वेचून आणले. ते बरोबर होतं. श्टेंडालमध्येही खालचा भाग जुना, शेतात सापडणाऱ्या गोल दगडांचा. त्या प्रदेशात डोंगर नाही, खाण नाही. फार पूर्वी बर्फाने उत्तरेकडून ढकलत आणलेले धोंडे तेवढे जमिनीत. शेतकऱ्याच्या नांगराला लागले की तो काढून बांधावर टाकायचा, आणि गावाने तेच रचले. पुढे पैसा आला तेव्हा त्यावर भाजलेल्या विटांचे नक्षीदार मजले चढवले. गरीब पाय आणि श्रीमंत डोकं, असं मी एकदा म्हणाले होते. मुलीने ते लक्षात ठेवलं असावं, कारण खडे लावताना ती ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं नाही.

शुक्रवारी चार वाजता स्पर्धा. पार्किंगच्या शेडमागची जागा कंपाउंडच्या मॅनेजरने दिलेली, आणि गार्ड आल्या आल्या मला सांगून गेला, “मॅडम, संडेतक खलास, हां?” पाच प्रवेशिका. परीक्षक म्हणून नाशिकच्या एका कुटुंबाकडे व्हिजिट व्हिसावर आलेले आजोबा. निवृत्त शिक्षक, मूळचे साताऱ्याकडचे, कडक इस्त्रीचा सदरा. मी क्लिपबोर्ड घेऊन त्यांच्या मागे.

पहिला वहिनींच्या मुलाचा रायगड. दिवे, मावळे, हिरवं अळीव, सगळं जिथल्या तिथे.

“दरवाजा कुठाय?” आजोबा म्हणाले.

“हा काय, समोर,” मुलगा म्हणाला.

“समोर? शत्रूला पत्ता लिहून दिलायस का? अरे, आपला दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात लपलेला असतो. पायथ्याला उभं राहिलं तरी दिसत नाही. आलेला माणूस भिंतीकडे बघत बसतो आणि वरून त्याच्यावर दगड येतात.”

“काका, लहान मुलं आहेत हो,” वहिनी म्हणाल्या.

“लहान आहेत म्हणूनच सांगतोय. मोठ्यांना सांगून काय होणार?”

पुढच्या तिन्ही किल्ल्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं. चारही मुलांनी पुठ्ठ्याचा दरवाजा अगदी पुढे, रंगीत करून लावला होता. तीन आया माझ्याकडे बघायला लागल्या. जणू आजोबांना मीच पढवून आणलं होतं.

मग आमचा. गोट्यांचा चौथरा, कमान, वर विटांचा चौकोनी मनोरा, दोन्ही अंगाला तटाचा एकेक तुकडा. महाराज नाहीत. एकही मावळा नाही.

“हा कुठला?”

“श्टेंडालचा. जर्मनीतला,” मी म्हणाले.

“हाही समोरच.”

“हा लपवायचा नव्हताच, आजोबा,” मुलगी म्हणाली. मराठीत. मी लिहिता लिहिता थांबले. “तिथं डोंगर नाहीत. सगळं सपाट. लपवणार कुठं? म्हणून उंच बांधायचा. लांबून येणाऱ्याला कळलं पाहिजे की गावाकडं पैसा आहे.”

“आणि शत्रूला?”

“त्यालापण.”

“मग उपयोग काय झाला त्याचा?”

“काहीच नाही.” ती खाली बसली आणि बोटाने कमानीच्या आत दाखवायला लागली. “ही सगळी गावं मिळून व्यापार करायची. कापड, धान्य आणि बिअर. मग त्यांच्या राजानं बिअरवर कर लावला.”

“ए, हळू बोल गं,” मागून कुणीतरी म्हणालं. “दोह्यात आहोत आपण.” सगळे हसले. ती हसली नाही.

“गावांनी सांगितलं, देणार नाही. राजा सैन्य घेऊन आला आणि जिंकला. पुढाऱ्यांची डोकी उडवली, गावांचे हक्क काढून घेतले. त्यानंतर गाव काही मोठं झालंच नाही. खूप वर्षांनी रस्ते रुंद करायला लोकांनी स्वतःच तट पाडला. दोन दरवाजे ठेवले.”

“का ठेवले?”

तिने खांदे उडवले. “चांगले दिसतात म्हणून असेल. आता त्याला बंद करायला दारच नाही. कुणीपण येतं, कुणीपण जातं.”

तिचं मराठी माझंच होतं. हेल मराठवाड्याचा, ‘तिथं’, ‘त्यालापण’. तीन वर्षं मला न दिलेलं सगळं तिने साताऱ्याच्या एका अनोळखी म्हाताऱ्याला दोन मिनिटांत देऊन टाकलं. मला आनंद झाला नाही. थोबाडीत बसल्यासारखं वाटलं.

आजोबा चष्मा काढून, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि कमानीतून पलीकडे बघायला लागले. तेवढ्यात वहिनींनी हात जोडले. प्रत्यक्षात.

“माहिती छानच आहे हो. पण ताई, नियम चार?”

मी क्लिपबोर्ड छातीशी धरला.

“नाही म्हणजे, मुलांना वाईट वाटू नये म्हणून विचारते,” वहिनी म्हणाल्या. “माझा सात वर्षांचा होता तेव्हा. रात्री जेवला नव्हता. नियम सगळ्यांना सारखे असतील ना?”

मी क्लिपबोर्डकडे बघितलं. नियम मोठ्या अक्षरात, माझ्याच हातचा. मुलगी माझ्याकडे बघत होती. सकाळी फ्रिजवरचा कागद तपासताना बघते तसंच. आजोबांनीही मान वर केली. नियमातून सूट द्यायची सोय मी ठेवलेली नव्हती, आणि वहिनींच्या मुलाला तर नियम नसतानाही बाद केलं होतं.

“बाद,” मी म्हणाले आणि तिच्या नावापुढे फुली मारली.

मुलीने दरवाजापुढे ठेवलेलं माहितीचं कार्ड उचललं, दोन घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. “फाइन,” ती म्हणाली. पहिला नंबर वहिनींच्या रायगडाला गेला, दरवाजा समोर असूनही. वहिनींनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला, कारण सगळे बघत होते.

वर आलो. नवरा खाली खुर्च्या आवरत होता, म्हणजे घरात आम्ही दोघीच. ती फ्रिजला टेकून उभी राहिली.

“नियम म्हणजे नियम,” मी सुरुवात केली.

“नियमाचं नको सांगू,” ती म्हणाली. पुन्हा मराठीत, पण आता ते ऐकायला बरं वाटत नव्हतं. “तुला तो दरवाजाच नको होता. नियम नसता तर तू दुसरं काहीतरी शोधलं असतंस.”

“हो, नको होता! त्याच दरवाजात त्या दोघांनी…”

“मला माहीत आहे. मी तिथंच होते. तुझा हात धरून.”

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. नोव्हेंबरची संध्याकाळ, साडेचारलाच अंधार. कमानीखाली दोन माणसं बाटली घेऊन उभी होती. आम्ही जवळ आलो तशी ओरडायला लागली: आपल्या देशात जा, वगैरे. एकाने माझ्या पिशवीला लाथ मारली. बटाटे फरशीच्या दगडांवरून गडगडत गेले. मुलगी अकरा वर्षांची होती. ती जर्मनमध्ये त्यांना काहीतरी जोरात म्हणाली, मला अर्धंच कळलं, आणि ते हसले. मी बटाटे तिथेच सोडले. त्यानंतर महिन्याभराने मी नवऱ्याला आखातातल्या नोकऱ्यांची यादी करून दिली. कारणं लिहिली: भारत जवळ, मराठी माणसं, थंडी नाही. खरं कारण यादीत नव्हतं.

“दोन माणसं होती ती, आई,” मुलगी म्हणाली. “प्यालेली. त्या दोघांना तू अख्खं गाव देऊन टाकलंस.”

“तुला काय कळतंय? उद्या तू एकटी असशील, तिसरा माणूस असंल…”

“खालची आजी दुसऱ्या दिवसापासून मला शाळेत सोडायला यायची. महिनाभर. रोज. त्याच दरवाजातून. मीच तिला सांगितलं होतं काय झालं ते.”

“ती पाव आणायला जायची.”

“पावाचं दुकान उलट्या दिशेला होतं.”

होतं. श्टेंडालच्या दुकानांची माझी यादी होती, वेळा आणि अंतरासकट. पावाचं दुकान आमच्या दारातून उजवीकडे, तीन मिनिटं. दरवाजा डावीकडे. महिनाभर मी खिडकीतून त्या म्हातारीला माझ्या मुलीच्या मागे डावीकडे जाताना पाहत होते, आणि मला वाटायचं, मुलगी सायकलच्या पट्ट्यावरून चालते का ते बघायला निघाली. दह्याच्या झाकणांची बाई. अजूनही ती मला आवडत नाही. ती झाकणं ओळीने मांडायची गरज नव्हती.

मी टेबलाशी बसले आणि सही न करण्याची कारणं कागदावर लिहायला घेतली, कारण मला दुसरं काही येत नाही. एक: ते दोघे. दोन: लिहिलं आणि खोडलं. तेसुद्धा ते दोघेच होते. तीनच्या पुढे काही आलं नाही. मुलगी एवढा वेळ तिथेच उभी होती. आत जाऊन तिने दार आपटलं नव्हतं.

“बाजूला हो,” मी म्हणाले.

ती सरकली. मी चुंबक काढला, अर्ज टेबलावर ठेवला आणि सही केली. पूर्ण नाव, तारीख, ठिकाण. माझ्या मनाला पटलंय असं नाही. ते गाव मला आजही नको आहे, आणि ती तिथे पहिल्या हिवाळ्यात रडेल असं मला आजही वाटतं. पण कागदावर दोन प्यालेली माणसं सोडून काही उरलं नव्हतं, आणि तेवढ्यावर बाद करता येत नाही.

तिने अर्ज उचलला. खिडकीपाशी नेऊन नीट वाचला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

“सूचना तीन वाचली नाहीस,” ती म्हणाली.

“काय?”

“सही काळ्या शाईत. निळी चालत नाही.” तिने अर्ज टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि सूचनेवर बोट टेकवलं. “बाद.”

मग ती खोलीत गेली आणि दुसरी प्रत घेऊन आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वर चिठ्ठी लावलेली. नवऱ्याची सही झालेली, काळ्या शाईत. आजीचीही. दुसरी प्रत लागेल हे तिने सप्टेंबरमध्येच धरलं होतं.

मी काळं पेन शोधायला उठले. कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते तिला माहीत होतं. मी चारही ड्रॉवर उघडेपर्यंत ती फ्रिजला टेकून बघत राहिली.